एक्स-रे वाचणारं यंत्र येतंय. चूक झाली तर खुलासा कोणी द्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका उपजिल्हा रुग्णालयातल्या इन्चार्ज सिस्टर विचारतात: पुढच्या महिन्यात आमच्याकडे छातीचे एक्स-रे वाचणारं एआय सॉफ्टवेअर बसणार आहे. टेक्निशियन दादांना नोकरीची धास्ती आहे, नवे एमओ (वैद्यकीय अधिकारी) खुशीत आहेत, लॅबवाले गप्प आहेत. प्रशिक्षणात कोणी शंका काढली की 'तुम्हा लोकांना बदल नकोच असतो' असं ऐकावं लागतं. आमच्या शंकांपैकी खऱ्या कुठल्या आणि उगीचच्या कुठल्या? आणि काही चुकलंच, तर ते कोणाच्या माथी येणार?

सिस्टर, मी रेडिऑलॉजिस्ट आहे. पंचवीसेक वर्षं सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत फिल्मा वाचल्या, गेली काही वर्षं अशाच एका सॉफ्टवेअरच्या शेजारी बसून वाचतोय. माझा अनुभव असा, की अशा वेळी जो सगळ्यात गप्प असतो त्याची शंका सगळ्यात खरी निघते. म्हणून लॅबपासूनच सुरुवात करतो, नोकरीकडे मागाहून येऊ.

यंत्र नेमकं काय करतं ते आधी सांगतो. ते निदान लिहीत नाही. छातीच्या फिल्मवर टीबीसारखं काही दिसतंय का, याला शून्य ते शंभरमधला एक आकडा देतं आणि संशयाच्या जागी रंगीत डाग उमटवतं. आकडा ठरवून दिलेल्या रेषेच्या वर गेला की त्या माणसाची थुंकी तपासायची, एवढंच. ही हवेतली गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ वर्षांवरच्यांच्या टीबी-छाननीसाठी माणसाच्या वाचनाऐवजी असं सॉफ्टवेअर वापरायला हरकत नाही असं सांगितलं. त्याच वर्षी ढाक्यातल्या जवळपास २४ हजार लोकांच्या फिल्मांवर पाच वेगवेगळ्या सॉफ्टवेअरची परीक्षा झालेली प्रसिद्ध झाली. पाचही तिथल्या रेडिऑलॉजिस्टपेक्षा सरस ठरली. आमच्याच जमातीची हार आहे, पण झाली ती झाली. आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये टीबीची १०० दिवसांची मोहीम सुरू झाली, तिच्यात हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रं गावोगाव नेली गेली, आणि त्यांच्या जोडीलाही एआय होतंच.

आता कागद-पेन घ्या. अशा छाननी-चाचणीकडून किमान अपेक्षा धरतात ती अशी: टीबी असलेल्या शंभरातले ९० जण पकडावेत, आणि टीबी नसलेल्या शंभरातले ७० जण मोकळे सोडावेत. समजा, तुमच्या शिबिराला १,००० माणसं आली आणि त्यांत खरा टीबी ५ जणांना आहे. यंत्र त्यातले चार-पाच पकडेल. चांगलंच आहे. पण उरलेल्या ९९५ मधल्या ३० टक्क्यांना, म्हणजे २९८ जणांनाही ते रेषेवर चढवून बसवेल. थुंकीच्या डब्या झाल्या ३०० च्या वर. लॅबमधलं थुंकीतला टीबी शोधणारं चार खणांचं यंत्र, सीबीनॅट, एका वेळी चार नमुने घेतं आणि निकालाला दोनेक तास घेतं. म्हणजे ७५ फेऱ्या, दीडशे तास. रोज आठ तास यंत्र न थांबता चाललं, लाइट गेली नाही, कार्ट्रिज संपली नाहीत, तरी १९ दिवस. तेवढ्यात पुढचं शिबिर येतं.

लॅबवाले गप्प का आहेत ते आता लक्षात आलं असेल. त्यांचा हिशेब मनातल्या मनात झालेला असतो. बैठकीला त्यांना कोणी बोलावत नाही, बोलावलं तर खुर्ची मागे असते.

आणि डबी भरणं हे काही यंत्राचं काम नाही. खोल खोकून बेडका कसा काढायचा, नुसती लाळ चालत नाही, हे तीनशे जणांना तुम्ही समजावणार. जे घरी निघून गेले त्यांना फोन लावणार. 'मला धड शिंकसुद्धा येत नाही, मला कशाला परत बोलावता' हे आशाताई त्यांच्या उंबऱ्यावर ऐकून घेणार. लग्नाच्या मुलीच्या घरी टीबीवाल्यांची गाडी दोनदा थांबली, तर गाव काय बोलतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

तेच सॉफ्टवेअर, तीच रेषा, पण ओपीडीत दोन आठवडे खोकला असलेल्यांसाठी वापरलं तर चित्र पालटतं. तिथे १,००० खोकणाऱ्यांत समजा १०० जणांना टीबी आहे. ९० सापडतील, २७० उगीच अडकतील. म्हणजे बोलावलेल्या चार जणांत एक खरा. शिबिरात तोच हिशेब साठ-सत्तर जणांत एक असा होता. कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेला आकडा दोन्हीकडे एकच असतो. म्हणून तुमचा पहिला प्रश्न असा असायला हवा: रेषा कुठे ओढली आहे आणि ती कोणी ओढली? बसवायला आलेल्या पोराने जी ओढून दिली तीच राहिली, असं मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे. रेषा वर नेली की डब्या कमी होतात आणि टीबीवाले जास्त निसटतात, खाली आणली की उलटं. हा निर्णय जिल्हा क्षयरोग अधिकारी, लॅब आणि तुम्ही मिळून घ्यायचा. त्यात संगणक-अभियंत्याचं काही काम नाही.

एआयमुळे वेळ वाचतो हे खरं आहे. पण वाचतो माझा वेळ, आणि खर्च होतो तुमचा. काम एका टेबलावरून उठून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसतं, आणि त्या दुसऱ्या टेबलावरच्या माणसाला नवीन अधिकार, नवीन माणूस, नवीन तास यांतलं काहीच मिळत नाही. कर्मचारी 'बदलाला विरोध' करतात म्हणतात, तिथे खणून पाहिलं तर बहुतेक वेळा हेच सापडतं.

थायलंडचं उदाहरण मला म्हणूनच आवडतं. मधुमेह्यांच्या डोळ्यांचे फोटो वाचणारी गूगलची प्रणाली तिथल्या पथुम थानी आणि चिआंग माई प्रांतांतल्या ११ दवाखान्यांत लावली. प्रयोगशाळेत ती उत्तमच होती. दवाखान्यात मात्र पहिल्या सहा महिन्यांतल्या १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के तिने परत पाठवले. फोटो पुरेसा स्पष्ट नाही, वाचणार नाही. कारण काय, तर दवाखान्यात काळोखी खोली नव्हती, नर्स मिळेल त्या कोपऱ्यात फोटो काढत होत्या. इंटरनेट रडतखडत चालायचं. फोटो नाकारला की नियमाने रुग्णाला दूरच्या रुग्णालयात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायचं, म्हणजे त्याची एक दिवसाची मजुरी बुडाली. नर्सना स्वतःच्या डोळ्यांनी फोटोत काही नाही हे दिसत असायचं, पण यंत्राच्या नकारापुढे त्यांच्या दिसण्याला किंमत नव्हती. शेवटी काही जणी रुग्णांनाच हळूच सांगू लागल्या, नका भाग घेऊ यात. गूगलच्याच संशोधकांनी २०२० साली हे सगळं लिहून छापलं, हे त्यांचं कौतुक. त्या नर्सना बदल नको होता असं कोण म्हणेल?

आता तुमचा मुख्य प्रश्न, दोष कोणाचा.

आमच्याकडे पहिल्याच महिन्यात एक प्रकार झाला. पस्तिशीची बाई, मानेला गाठी, संध्याकाळचा ताप, वजन उतरलेलं. एक्स-रे काढला, आकडा खूप खाली आला. एमओ मुलाने केसपेपरवर लिहिलं 'एआय निगेटिव्ह' आणि तापाच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. मुलगा हुशार होता, चांगल्या कॉलेजचा. पण त्याने यंत्राला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यंत्राच्या तोंडी घातलं. यंत्राने सांगितलं होतं की फुप्फुसात टीबीसारखं काही दिसत नाही. मानेतल्या गाठींबद्दल त्याला कोणी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तरी छातीच्या फिल्ममध्ये त्या कुठून दिसणार? सव्वा महिन्याने दुसऱ्या रुग्णालयात गाठीत सुई घालून टीबीचं निदान झालं, नातेवाईक भांडायला आले. वरून कागद आला तेव्हा खुलासा कोणाकडे मागितला? एमओकडे आणि त्या दिवशीच्या ओपीडी सिस्टरकडे. ज्यांनी सॉफ्टवेअर घेतलं त्यांचं नाव त्या कागदावर कुठेही नव्हतं. 'एआय निगेटिव्ह' हे दोन शब्द केसपेपरवर लिहायचे नाहीत, हा आमच्या विभागाचा नियम त्यानंतरचा. लिहायचं तर पूर्ण लिहायचं: छातीचा एक्स-रे, सॉफ्टवेअरचा आकडा अमुक, माझं मत तमुक, पुढे काय करायचं ते.

कायद्याची स्थिती आज साधारण अशी आहे. २०२० च्या मार्चमध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे की एआयने रुग्णाला सल्ला द्यायचा नाही की औषध लिहून द्यायचं नाही. ते नोंदणीकृत डॉक्टरनेच करायचं, यंत्राने मदत करावी. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२३ मध्ये आरोग्यसेवेतल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही उत्तरदायित्वाचं तत्त्व आहे, सुरक्षिततेचं आहे, भेदभाव न होण्याचं आहे. वाचायला छान आहेत. पण अंमलात येताना त्यांचा अर्थ एवढाच उरतो की शेवटची सही ज्याची, मान त्याची. याला माझी ना नाही. डॉक्टरकीची सही फुकटची नसतेच. माझी तक्रार वेगळी आहे. सहीची जबाबदारी द्यायची, तर 'नाही' म्हणायची मुभाही द्या. यंत्राच्या विरुद्ध मत दिलं म्हणून कोणाला मेमो मिळणार नाही, आणि यंत्राच्या बाजूने मत दिलं म्हणून कोणी सुटणार नाही, असा दोन ओळींचा कार्यालयीन आदेश अधीक्षकांच्या सहीने काढून घ्या. तोंडी नको. साहेबांची बदली झाली की तोंडी शब्द त्यांच्याबरोबर पुढच्या जिल्ह्यात जातात.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण वरची गोष्ट वाचून तुम्हाला वाटेल की ज्येष्ठ माणूस शेजारी असला की सगळं ठीक. दुपारचा दीड, त्या दिवसाची ऐंशीच्या पुढची कुठलीतरी फिल्म. यंत्राने उजव्या हसळीच्या हाडामागे डाग दाखवला होता. त्या आठवड्यात ते जुन्या, भरून आलेल्या टीबीच्या व्रणांवर सतत डाग दाखवत होतं, मी वैतागलो होतो. हाही तसलाच, म्हणून 'नॉर्मल' लिहून पुढे गेलो. तीन महिन्यांनी तोच माणूस थुंकीतून रक्त पडतं म्हणून आला. जुनी फिल्म काढून पाहिली. डाग होता. हसळीमागचा कोपरा हा रेडिऑलॉजीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, 'इथे दोनदा बघा' म्हणून.

उगीच भुंकणाऱ्या कुत्र्याकडे माणूस दुर्लक्ष करतो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात हे मोठ्या प्रमाणावर मोजलं गेलं. एपिक कंपनीचं सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गाने सगळं शरीर ढासळण्याचा, इशारा देणारं मॉडेल शेकडो रुग्णालयांत चालू होतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत दिसलं की दाखल झालेल्यांपैकी १८ टक्के रुग्णांसाठी ते घंटा वाजवत होतं, आणि तरीही खरा सेप्सिस झालेल्या ६७ टक्क्यांच्या बाबतीत ते गप्पच राहिलं. आयसीयूतल्या सिस्टरने अशा घंटेचं काय करायचं? मॉनिटरच्या घंटा आधीच कमी आहेत का?

उलट्या बाजूची चूकही तेवढीच खरी. जर्मनीत २७ रेडिऑलॉजिस्टना स्तनांचे एक्स-रे वाचायला दिले आणि 'हे एआयचं मत' म्हणून शेजारी उत्तर ठेवलं. काही ठिकाणी मुद्दाम चुकीचं. एआयचं उत्तर बरोबर असताना नवखे आणि मुरलेले दोघंही ८० टक्क्यांच्या आसपास बरोबर आले. चुकीचं असताना नवखे २० टक्क्यांवर घसरले, मुरलेले ४५ वर. मुरलेल्यांचं हे ४५ बघून मला झोप लागली नव्हती. म्हणजे यंत्राने चुकीचं कुजबुजलं तर वर्षानुवर्षांच्या अनुभवाचा जवळपास अर्धा भाग वाहून जातो. तुमच्याकडचे नवे एमओ खुशीत आहेत ना, त्यांना हा आकडा आवर्जून सांगा. आणि पोलंडचाही सांगा. तिथे चार केंद्रांत मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीत गाठी दाखवणारं एआय आलं. काही महिन्यांनी तेच अनुभवी डॉक्टर एआय बंद ठेवून तपासायचे तेव्हा गाठ सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ वर आलं होतं. अभ्यास २०२५ चा आहे, एकाच देशातला आहे, एवढ्यावरून छाती बडवायची गरज नाही. पण कॅल्क्युलेटर आल्यावर पाढ्यांचं काय झालं ते आपण घरोघरी बघितलंच आहे.

आमच्याकडे यावर एक साधा उपाय केला. सॉफ्टवेअरचा आकडा सुरुवातीला झाकलेला असतो. आधी वाचणाऱ्याने आपलं मत टाकायचं, मग पडदा उघडायचा. फिल्ममागे दहा-पंधरा सेकंद जास्त जातात. कंपनीला ही सोय द्यायला जिवावर आलं होतं, त्यांच्या मते त्याने 'वेग कमी होतो'. होतोच.

टेक्निशियन दादांकडे येतो. मी लागलो तेव्हा ओल्या फिल्मा होत्या. आमच्या डार्करूममध्ये एक मामा होते. डेव्हलपर, पाणी, फिक्सर, परत पाणी, मग चिमट्याला लावून वाळत टाकणं. त्यांच्या बोटांना हायपोचा, म्हणजे त्या फिक्सरचा, वास कायमचा चिकटलेला. लाल दिव्यात फिल्म हातात धरून 'साहेब, ही जरा जास्त भाजली' म्हणायचे, आणि ते बरोबर असायचं. मग सीआर यंत्र आलं, कॅसेट घालायची आणि चित्र संगणकावर. मामांना कोणी काढलं नाही. त्यांना केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. निवृत्त झाले तेव्हा हारतुरे झाले, आणि त्यांचं पद परत भरलं गेलं नाही. सरकारी खात्यात नोकरी अशी जाते, सिस्टर. कोणाला काढत नाहीत, पद रिकामं ठेवतात आणि काही वर्षांनी ते 'अनावश्यक' म्हणून कागदावरून पुसतात. म्हणून दादांची धास्ती मी उगीचची म्हणणार नाही. त्यांची स्वतःची नोकरी सुरक्षित आहे, हे त्यांना सांगा. त्यांच्यानंतरची जागा सुरक्षित नाही, हेही सांगा. ती लढाई संघटनेने लढायची असते आणि ती यंत्र यायच्या आधी लढायची असते.

रेडिऑलॉजिस्टच्या नोकरीबद्दल म्हणाल, तर २०१६ मध्ये एआयचे एक जनक मानले जाणारे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी रेडिऑलॉजिस्ट घडवणं आता बंद करा असं जाहीर सांगितलं होतं. पाच वर्षांत, फार तर दहांत यंत्र पुढे जाईल म्हणाले होते. पुढे २०२४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि तुमच्या उपजिल्हा रुग्णालयात रेडिऑलॉजिस्टची जागा भरलेली आहे का? मला वाटलंच.

दादांना मात्र एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगेन: यंत्र आल्यावर त्यांचा हात जास्त महत्त्वाचा होतो. मला तिरकी फिल्म दिली तर मी मनातल्या मनात सरळ करून वाचतो, किंवा शिव्या देऊन परत काढायला लावतो. यंत्र शिव्या देत नाही, मुकाट्याने आकडा देतं. आमच्या पहिल्या तिमाहीतले उगीचचे डाग आम्ही एकेक करून तपासले. सगळ्यात जास्त होते ते जुन्या टीबीचे व्रण आणि म्हातारी फुप्फुसं. ढाक्याच्या अभ्यासातही साठीपुढच्यांत आणि आधी टीबी झालेल्यांत ही सॉफ्टवेअर अडखळलीच होती. दगडखाणीत काम केलेले काही जण होते. आणि उरलेल्यांत चक्क वेण्या! तेल लावून घट्ट घातलेली वेणी खांद्यावरून पुढे आली की फुप्फुसाच्या वरच्या भागात छानसा पांढरा पट्टा उमटतो. त्याखालोखाल मंगळसूत्राच्या वाट्या, ताईत, ब्लाउजचे हुक. एक बाई मंगळसूत्र काढायला तयार नसते हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला कसं ठाऊक असणार? आमच्या टेक्निशियन ताईंनी एक युक्ती काढली. मंगळसूत्र काढायला न लावता दोऱ्याने वर हनुवटीपाशी धरायला लावायचं आणि वेणीचा अंबाडा डोक्यावर. उगीचच्या डब्या त्याने कमी झाल्या. ही सुधारणा कुठल्या अपडेटमध्ये आली नव्हती.

यंत्र कधीकधी भलतंच शिकतं, याचंही एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २०१८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी न्यूमोनिया ओळखणारं मॉडेल तपासलं, तर फिल्म कुठल्या रुग्णालयातली आहे हे त्याला जवळपास अचूक ओळखता येत होतं. फिल्मच्या कोपऱ्यातल्या खुणेसारख्या गोष्टीही त्याला पुरत होत्या. ज्या रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, तिथल्या फिल्मला जास्त गुण. दुसऱ्या ठिकाणी नेलं की हुशारी उतरली. म्हणून 'अमुक शहरात ९५ टक्के अचूक' असं कोणी म्हणालं तर म्हणा, आमच्याकडे, आमच्या यंत्रावर, आमच्या माणसांवर किती ते दाखवा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण लगेच मागून येणार आहे म्हणून बोलण्यावरून केसपेपर लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल दोन शब्द. इंग्रजीत सुद्धा अशी प्रणाली अधूनमधून न बोललेली वाक्यं पदरची घालते, हे २०२४ मध्ये दाखवून झालं आहे. मग आपल्या ओपीडीचं काय बोलावं? 'दुखणं अंगावर काढलं', 'अंगावरून जातंय', 'पोटात कालवतंय', 'जीव घाबराघुबरा होतो'. यात अंग दोनदा आलं आणि दोन्हींचे अर्थ वेगळे. त्यात वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी. अशा नोंदीवर सही करण्याआधी ती रुग्णाला परत वाचून दाखवा; 'असंच म्हणालात ना, काकू?' एवढं विचारा.

आणि माहितीच्या गुप्ततेची चिंता करताना आधी आपल्या खिशातला मोबाईल बघू या. रुग्णाच्या नावासकट एक्स-रेचे फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकणारे आपणच, आणि आता तोच केसपेपर फुकटच्या चॅटबॉटमध्ये चिकटवून 'काय असेल' विचारणारेही आपणच. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्येच झाला आहे. नाव, गाव, नोंदणी क्रमांक झाकल्याशिवाय काहीही बाहेर पाठवायचं नाही, हे ठरवायला वरच्या आदेशाची वाट कशाला बघायची? फिल्मा कुठल्या सर्व्हरवर जातात, किती दिवस राहतात आणि कंपनी त्यांवर आपलं पुढचं मॉडेल शिकवते का, हे मात्र वरिष्ठांनी करारातून वाचून दाखवावं. आमच्या करारात ते सापडायला तीन पत्रं लागली.

तर पुढच्या महिन्यात काय करायचं. पहिले दोन आठवडे यंत्र मुकं चालवा. आकडे येऊ द्या, पण त्यावर कोणाचाही उपचार ठरवू नका; संध्याकाळी बसून जुळवा. प्रशिक्षण ड्युटीच्या वेळात मागा आणि त्यात लॅब आणि एसटीएस (टीबीच्या उपचारांवर देखरेख करणारे पर्यवेक्षक) पुढच्या रांगेत बसवा. मुलांच्या फिल्मा त्यात घालणार का, गरोदर बाईचं काय, इंटरनेट गेलं तर काय, याची उत्तरं भिंतीवर एका कागदावर लावा. थुंकीच्या डब्या वाढल्या तर जादा माणूस कोण देणार, हे आकड्यांसकट अधीक्षकांना आधीच लिहून द्या. वरचा हिशेब त्यासाठीच केला.

आणि एक दोनशे पानी वही घाला. आम्ही तिला 'मतभेद वही' म्हणतो. तारीख, ओपीडी क्रमांक, यंत्राचा आकडा, माणसाचं मत, कोणाचं ते, आणि शेवटी निकाल काय लागला. सहा रकाने. डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन, कोणीही लिहू शकतं, आणि महिन्याच्या शेवटी सगळ्यांसमोर ती वाचायची. माझी हसळीमागची चूक तिच्यात माझ्याच अक्षरात आहे. वही ऑफिसच्या कपाटात ठेवू नका. आमची पहिला महिना तिथेच होती, कुलपात. किल्ली क्लार्कच्या खिशात, क्लार्क साडेपाचला घरी. रात्रपाळीच्या सिस्टरने काय लिहायचं? आता ती एक्स-रेच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते, सुतळीला बांधलेल्या पेनासकट.